लिफ्टवाल्याने बसवलेली बाळाची सीट

"दहा मिनिटं! फार तर अकरा!" लिफ्टवाल्याने सासऱ्यांना ठणकावून सांगितलं. "अहो बाबा, अख्खं शहर माझ्या तारांवर वर-खाली करतं. ही एवढीशी खुर्ची म्हणजे माझ्या हातचा मळ!"

तिकडे दवाखान्यात त्याची तीन दिवसांची लेक आणि तिची आई पिशव्या भरून तयार बसल्या होत्या. पण तिथल्या नर्सबाई महाकडक! गाडीतली बाळाची सीट स्वतः हलवून बघितल्याशिवाय बाळाला दाराबाहेर सोडायच्या नाहीत. त्यांची ड्यूटी एक वाजता संपायची. एक वाजून गेला की पुन्हा दवाखान्यातच मुक्काम! आणि साडेअकरा वाजले होते.

सासरे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी चष्मा लावला आणि सीटसोबतची माहितीपुस्तिका मोठ्याने वाचायला घेतली. "'अभिनंदन! आमचे उत्पादन निवडल्याबद्दल...'"

"बाबा, ते सोडा हो!"

"पहिली पानं सोडणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत, जावईबापू. सगळी नापास."

लिफ्टवाल्याने दातओठ खात सीट मागच्या बाकावर ठेवली, गाडीचा पट्टा तिच्यातून ओवला आणि गुडघ्याने दाबून आवळला. पट्टा दोनदा निसटला. तिसऱ्यांदा बोट चेमटलं. चौथ्यांदा डोकं छताला आपटलं. पाचव्यांदा मात्र सीट अशी बसली की तिला हलवलं तर अख्खी गाडी हलायची!

इथेच थांबला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही! त्याचा एक नियम होता. ज्याने लिफ्ट बसवली, त्यानेच आधी तिच्यातून जायचं, मग लोकांना चढू द्यायचं. चौदा वर्षांत त्याने हा नियम मोडला नव्हता, मग पोटच्या पोरीसाठी मोडणार होय? सीट चार वर्षांपर्यंतच्या मुलांची, पण गडी मुळातच काडीपैलवान. खांद्याचे पट्टे पार ढिले सोडले, अंग चोरलं आणि बसला की आत! कट्ट! बक्कल लागलं.

"बघितलंत बाबा? तसूभर हलत नाही!"

"छान. आता उतरा."

उतरणार कसं? बक्कल मांड्यांच्या बेचक्यात, दंड दोन्ही बाजूंना चिणलेले. हात पोचेचना! सासऱ्यांनी लाल बटण दाबून पाहिलं. ढिम्म!

"श्वास सोडा," सासरे म्हणाले.

"सोडलाय! आता पोटात काही शिल्लक नाही! ते पुस्तक बघा ना!"

"मी अजून नवव्या पानावर आहे."

"अहो, शेवटी बघा!"

सासऱ्यांनी नाराजीनेच पानं उलटली. "हं. 'बाळाच्या काखेत हात घालून त्याला अलगद उचलावे.'"

त्यांनी तेही करून पाहिलं. जावयाला गुदगुल्या झाल्या. बाकी काही झालं नाही.

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. सासऱ्यांनी तो जावयाच्या कानाला लावला. "अरे, कुठे आहेस? सव्वाबारा झाले! नर्सबाई आवराआवर करताहेत!"

"सीट बसवली गं. एकदम पक्की."

"मग नीघ ना!"

"निघतोच आहे. बाबा चालवताहेत."

"बाबा? आणि तू?"

"मी... मागे बसलोय."

सासरे गाडी अशी चालवत होते की सायकलवाले पुढे जात होते. सिग्नलला शेजारी शाळेची गाडी थांबली. बारा नाकं काचेला चिकटली. "ए, ते काका बघा! बाळाच्या सीटमध्ये!" बिचाऱ्याला तोंड झाकायला हातसुद्धा मोकळा नव्हता!

एकला दहा कमी असताना ते पोचले. नर्सबाईंनी दार उघडलं, त्याच्याकडे बघितलं आणि जणू रोज एक बाप असाच येतो अशा चेहऱ्याने सीट गदागदा हलवली.

"घट्ट बसवली आहे."

लिफ्टवाल्याचा ऊर भरून आला. नर्सबाईंनी एका हाताने त्याचं पोट आत ढकललं, दुसऱ्याने बटण दाबलं. तो बाहेर, दवाखान्याच्या उंबऱ्यावर लेकीला घेऊन उभ्या असलेल्या बायकोच्या पायाशीच पडला.

"पण सीटचं तोंड पुढे केलंत," नर्सबाई म्हणाल्या. " एवढ्याशा बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला हवं. सरका!"

चार मिनिटांत त्यांनी सीट सोडवली, फिरवली, आवळली. लेकीला आत ठेवलं, पट्टे बेताचे घट्ट केले. लेकीने जांभई दिली. एकला तीन कमी होते.

"मग न्यायला हरकत नाही ना?" बायकोने विचारलं.

"बाळाला खुशाल न्या," नर्सबाई म्हणाल्या. "यांना मात्र इथे ठेवलंत तरी चालेल."

सासरे हसले. लिफ्टवालाही कसनुसा हसला.

बायको हसली नाही. तिने विचारलं, "किती दिवस ठेवून घ्याल?"