चाळिसाव्या पानाची परीक्षा

"पुस्तक हाय का उशी!"

अगदी माझ्या कानाशी हे पुटपुटणं झालं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्याशेजारी बसून बेदाण्याच्या काड्या काढत होत्या. समोर त्यांचा लेक, म्हणजे आमचे हे, रिटायर सुभेदार नाथाजी, एक जाडजूड पुस्तक छातीवर पालथं घालून डोळे मिटून पडले होते.

"झोपलेले न्हाईत आत्याबाई, पाठ करत्यात."

"पाठ? घोरून?"

पुस्तक मी निवडलेलं, तेव्हा टोमणाही मलाच होता. पण खरं सांगते, पुस्तक निवडण्यात माझा हात कुणी धरणार नाही! दहावीनंतर माझी शाळा सुटली. पुढं शिवणकाम, लोणची, विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर, बँकेचे फॉर्म, सगळं मी पुस्तकं वाचून शिकले. तासगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी बेदाण्याच्या पेट्यांची नोंद करते, तिथला कॉम्प्युटरसुद्धा.

माझी एक पद्धत आहे. दुकानात पुस्तक हातात आलं की थेट चाळिसावं पान उघडायचं. पहिल्या पानावर लेखक नव्या जावयासारखा गोड बोलतो. चाळिसाव्या पानापर्यंत तो दमलेला असतो. तिथंही तो न चिडता समजावून सांगत असेल, तर माणूस चांगला! प्रस्तावना मी वाचतच नाही. तिथं नुसते आभार.

आता या पुस्तकाची गरज का पडली ते सांगते. चोवीस वर्षं फौजेत काढून सुभेदार घरी आले, त्याला आठ महिने झाले होते. घरापासून सहा किलोमीटरवरच्या साखर कारखान्यात, गेटवर उसाच्या गाड्यांची नोंद करायला माणूस पाहिजे होता. अट एकच, कॉम्प्युटर चालवता आला पाहिजे. सोमवारी परीक्षा होती. नाही जमलं, तर पलटणीतले त्यांचे दोस्त बिराप्पा पुण्यात वाट बघत होते. एका सोसायटीत वॉचमनांवर सुपरवायझर, राहायला खोली, दिवाळीला सुट्टी.

म्हणजे पुन्हा ट्रंक.

या 'म्हणजे'च्या पुढं आमच्या घरात कुणी जात नव्हतं. बिराप्पाचा फोन येऊन गेला की आत्याबाई म्हणायच्या, आमटीत मीठ कमी हाय. मी म्हणायची, लाईट गेली वाटतं. आणि सुभेदार आभाळाकडं बघून हवामान सांगायचे.

तर कराडच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. सुभेदार एकेक पुस्तक तळहातावर तोलून बघायला लागले.

"हे लय हलकं हाय. एवढ्यात काय मावणार? आमच्या मशीनगनचं पुस्तक याच्या दुप्पट होतं!"

"आवं, कलिंगड घेताय का पुस्तक?"

दुकानदार म्हणाला, "काकू, तुमच्या मशीनवर ऑपरेटिंग सिस्टीम कुठली आहे?"

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला कारभारी, एवढं मला ठाऊक होतं. पण कारभारी निरनिराळ्या घरचे असतात हे काही माझ्या लक्षात आलं नाही. मी ठसक्यात म्हणाले, "तुम्ही पुस्तक द्या हो, सिस्टीमचं आम्ही बघतो!" चाळिसावं पान उघडलं. काय पान होतं! चित्रं, बाण, 'घाबरू नका' असं तीनदा लिहिलेलं. घेतलं!

घरी मशीन होतं पुतणीचं, अंकिताचं. ती कराडला इंजिनीअरिंग करते. नवीन लॅपटॉप आल्यावर जुना कॉम्प्युटर तिनं काकाला देऊन टाकला होता. पण सुभेदार त्याला हात लावतील तर शपथ!

"आधी पुस्तक, मग हत्यार," ते म्हणाले. फौजेत तसंच असतं म्हणे. दहा दिवस त्यांनी नुसतं पाठांतर केलं. आंघोळीच्या पाण्याबरोबर 'फाईल सेव्ह करणे' ऐकू यायचं. आत्याबाईंना वाटलं, लेक स्तोत्र शिकतोय. त्यांनी एकदा हातसुद्धा जोडले!

रविवार उजाडला. बेदाण्याचा ट्रक येणार म्हणून मला अर्धा दिवस कामावर जावं लागलं. दुपारी परत आले आणि दारातच थांबले.

सोप्यात घोंगडं अंथरलेलं. त्यावर कॉम्प्युटर! म्हणजे एकेकाळी जो कॉम्प्युटर होता, तो. पंखा, पट्ट्या, तारा, लहानमोठे डबे, सगळं एका रेषेत, कवायतीला उभं केल्यासारखं. स्क्रू वाटीत. शेजारी सुभेदार, हातात स्क्रू ड्रायव्हर, चेहरा गंभीर.

"आवं, हे काय केलंत!"

"पुस्तकात लिहिलंय, खाली डाव्या कोपऱ्यात चार चौकटींची खूण दिसंल. दिसंना! पुस्तक खोटं बोलत न्हाई. म्हंजे बिघाड मशीनमदी हाय. पलटणीत हत्यार अडलं की आमी काय करतो? खोलायचं, एकेका भागाचं नाव घ्यायचं, जोडायचं."

"मग?"

"सगळे भाग मिळाले. चित्रासंगं ताडून बघितले." त्यांनी आवाज खाली आणला. "ऑपरेटिंग सिस्टीम तेवढी गायब हाय."

आत्याबाई आतून ओरडल्या, "म्या सकाळी झाडलं खरं, पर काय बी उचलल्यालं न्हाई! आधीच सांगते!"

"अंकितानं काढून घेतली असंल," सुभेदार म्हणाले. "जुनी गाडी इकताना बॅटरी काढून घेत्यात तशी."

मी अंकिताला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. आधी ती हसली. मग अजून हसली. शेवटी म्हणाली, "काका, सिस्टीम ही वस्तू नसते, तो प्रोग्राम असतो! आणि माझ्या मशीनवर उबंटू नावाची सिस्टीम आहे. तुमचं पुस्तक विंडोजचं असणार. पहिल्या पानावर बघा."

मी पहिलं पान उघडलं. ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'हे पुस्तक फक्त विंडोज वापरणाऱ्यांसाठी आहे.' खाली बायकोचे आभार होते.

"आणि कारखान्यात काय असतं गं?" मी बारीक आवाजात विचारलं.

"बहुतेक विंडोजच."

म्हणजे पुस्तकही चांगलं होतं आणि मशीनही चांगलं होतं. चुकली ती दोघांचं लग्न लावणारी! हात बसवायला माझ्या ऑफिसात विंडोज होतं, पण ऑफिसला आता कुलूप होतं आणि मालक सांगलीला गेले होते.

सुभेदार मांडी घालून बसले आणि वीस मिनिटांत सगळं मशीन परत जोडलं, एकही स्क्रू न चुकवता. बटण दाबलं. पडदा उजळला! आत्याबाईंनी टाळ्या वाजवल्या.

सुभेदार मात्र पडद्याकडं बघत राहिले. डाव्या कोपऱ्यात खाली चार चौकटी नव्हत्याच.

"उद्या जाऊन येतो," ते म्हणाले. "न्हाई जमलं तर बिराप्पाला कळवतो. ट्रंक माळ्यावरनं काढून पुसून ठेव."

चोवीस वर्षं दरवेळी सुट्टी संपली की मी एकच वाक्य बोलत आले. 'जावा, इकडची काळजी करू नका.' ते वाक्य मला इतकं पाठ आहे की डब्यात चटणी भरता भरता म्हणता येतं. आत्ताही ते जिभेवर तयारच होतं. आत्याबाईंचा हात बेदाण्याच्या सुपात तसाच थांबला होता. आमटीतल्या मिठाचं त्या काहीच बोलेनात. लाईटही होती.

"जाऊ नका," मी म्हणाले.

"कुठं? परीक्षेला?"

"परीक्षेला जावा. पर नापास झाला तरी पुण्याला जाऊ नका. मला आता तुमी घरात पाहिजे."

सुभेदारांनी पुस्तक उचललं, तळहातावर एकदा तोललं आणि माझ्याकडं बघितलं.

"आगं, मग हे धा दिवस आधी बोलायचं! एकशे साठ पानं पाठ केली की म्या!"