केबिनमधला आवाज

पहिल्यांदा आवाज आला तेव्हा घोटी मागे पडून जेमतेम दहा मिनिटं झाली होती. "टिं." बारीक, स्वच्छ, एकदाच. रंगनाथ भोरने समोरच्या काट्यांकडे बघितलं, आरशात बघितलं आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने गिअर बदलला. पण खिडकीशी बसलेल्या उज्वलाने, त्याच्या बायकोने, तो ऐकला होता.

"गाडी काय म्हणाली?"

"काय नाय. नव्या गाड्या वाजत्यात."

"उगाच?"

"उगाच."

उज्वलाला हा शब्द कधी पटत नसे. ती घरी ब्लाउज शिवायची. शिलाई मशीनला दर शनिवारी तेल घालायची, आणि सुईचा आवाज जरा बदलला तरी काम थांबवून झाकण उघडायची. यंत्र उगाच काही करत नाही, असं तिचं मत होतं.

रंगनाथचंही एकेकाळी हेच मत होतं. एकोणीस वर्षं त्याने एकच ट्रक चालवला. त्या ट्रकला डिझेलचा काटा होता तो मेलेला, आणि हवेचा काटा होता तो थरथरणारा. बाकी सगळं रंगनाथ कानाने, नाकाने आणि बसल्या जागेने ओळखायचा. अडीच महिन्यांपूर्वी तो ट्रक गेला आणि हा नवा आला. याच्या पुढच्या फळीवर तीस-पस्तीस चित्रं होती. किल्ली फिरवली की सगळी एकदम पेटायची आणि मग एकेक विझायची. ती कशाची, हे रंगनाथला माहीत नव्हतं, आणि विचारायला लाज वाटत होती. घोटीतले निम्मे ड्रायव्हर त्याच्या हाताखाली शिकले होते.

आज गाडीत त्र्यंबकच्या एका अन्नछत्राचा तांदूळ होता. तिथं दुपारी बारा वाजता पाचशे माणसांची पंगत बसायची होती, आणि तांदूळ दहापर्यंत पोचायला हवा होता. त्याच खेपेत रंगनाथची आत्या कुसाबाई निघाली होती. तिला चार दिवस त्र्यंबकला राहून जप पुरा करायचा होता. ती नवराबायकोच्या मधे बसली होती, शाल पांघरून, डोळे मिटून. कानाने तिला फार कमी ऐकू यायचं, त्यामुळे केबिनमधल्या बोलण्याचा तिला काही उपद्रव नव्हता.

"टिं."

"दुसऱ्यांदा," उज्वला म्हणाली. तिने मोबाइलमध्ये वेळ बघून ती लिहून ठेवली. "दीड मिनिट झालं."

वैतरणेकडची वळणं सुरू झाली आणि आवाज वाढले. आधी दीड मिनिटाने येत होता तो मिनिटाने यायला लागला. एका मोठ्या उतारावर तर पाऊण मिनिटात दोनदा आला. रस्ता सपाट झाला की पुन्हा सावकाश.

"उतारावर जास्त वाजतंय," उज्वला म्हणाली. "ब्रेकचं तर नसेल?"

रंगनाथनेही तेच टिपलं होतं, फक्त बोलला नव्हता. "ब्रेक चांगला हाय," तो म्हणाला, पण पाय ब्रेकवर ठेवूनच म्हणाला.

"गाडीचं पुस्तक कुठंय?"

पुस्तक समोरच्या कप्प्यात होतं, उदबत्तीच्या पुड्याखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, सील न फोडलेलं. उज्वलाने दाताने पिशवी फाडली. पुस्तक हिंदीत होतं आणि चित्रांनी भरलेलं होतं. तिला ते फार आवडलं.

"लाल दिवा म्हणजे लगेच थांबा. पिवळा म्हणजे लवकर बघून घ्या. हिरवा आणि निळा म्हणजे चालू आहे, काळजी नको. अहो, सोपं आहे की."

"मला काय सांगती?"

"पट्टा लावला नसेल तर बजर वाजतो, असं लिहिलंय."

"लावलाय ना."

उज्वलाने वाकून बघितलं. पट्टा लावला होता खरा, पण रंगनाथच्या पाठीमागून. आवाज होऊ नये म्हणून त्याने तो कायमचा खोचून ठेवला होता आणि स्वतः त्याच्यापुढे बसला होता. त्याने मुकाट्याने पट्टा सोडवला आणि अंगावरून घेतला.

पुढच्या वळणावर पुन्हा "टिं."

"पट्ट्याचं नाही तर," उज्वला म्हणाली आणि पान उलटलं. मग तिचं लक्ष फळीवर गेलं. काट्यांच्या काचेवर, डाव्या कोपऱ्यात, एक लाल गोल टिकली चिकटवलेली होती. "ही माझी टिकली आहे."

रंगनाथ रस्त्याकडे बघत राहिला.

"माझ्या पाकिटातली. चार नंबरची. इथं कशी आली?"

"तिथं एक दिवा होता. सारखा डोळ्यात यायचा."

उज्वलाने नखाने टिकली काढली. खाली पिवळा दिवा शांतपणे जळत होता. एक छोटा डबा, आणि त्याच्या तळाशी थेंब. तिने पुस्तकात बोट फिरवत चित्र शोधलं. "डिझेलच्या फिल्टरमध्ये पाणी साठलंय. किती दिवस झाले?"

"पंधरा-वीस."

"आणि पंधरा-वीस दिवस तुम्ही गाडीला टिकली लावून फिरताय."

गाडी बाजूला घेतली. रंगनाथला हे काम हाताने येत होतं. त्याने फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल केला आणि खाली रिकामी बाटली धरली. आधी गढूळ पाणी आलं, मग डिझेलची धार. स्क्रू आवळून किल्ली फिरवली, तर दिवा गेला. उज्वला बाटली उजेडात धरून कितीतरी वेळ बघत होती. खाली पाणी, वर डिझेल, मधे सरळ रेघ.

"हे सगळं इंजिनात गेलं असतं?"

"गेलं असतं," रंगनाथ म्हणाला. त्याचा आवाज जरा खाली आला होता.

या सगळ्या वेळात एकदाही आवाज आला नाही. थांबल्यावर कुसाबाईने डोळे उघडून "आलं का त्र्यंबक?" एवढंच विचारलं होतं, आणि उज्वलाने मान हलवल्यावर बाहेरची झाडं बघत बसली होती. दिवा गेला, आवाज गेला, प्रश्न सुटला असं दोघांनाही वाटलं. गाडी सुरू झाली. कुसाबाईने डोळे मिटले.

"टिं."

त्याच वेळी अन्नछत्राचा आचारी सोमा याचा फोन आला. "रंगूदादा, कुठंशी आलात? आधण ठेवायचं का?"

"ठेव. नको, थांब. गाडी जरा वाजतीय."

"वाजती म्हंजे?"

"म्हंजे वाजती."

"पाचशे ताटं मांडायचीत, दादा," सोमा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

पुढच्या फाट्यावर गोटीरामचं गॅरेज होतं. वीस वर्षांत रंगनाथ तिथं दुसऱ्यांच्या गाड्या दाखवायला आला होता, स्वतःची कधी नाही. गोटीराम हात पुसत आला, त्याने सगळी हकिकत ऐकली, उज्वलाने लिहिलेल्या वेळा बघितल्या आणि म्हणाला, "चालताना वाजतं ना? मग चालवून बघू." तो वर चढून कुसाबाईशेजारी बसला. उज्वला खाली थांबली.

तीन किलोमीटर गेले, तीन आले. आवाज आला नाही. गोटीरामची आई कुसाबाईच्या माहेरची निघाली. कुसाबाईने डोळे सताड उघडून त्याच्याकडे घरच्या एकेका माणसाची चौकशी केली, आणि गोटीराम तिच्या कानाशी वाकून ओरडून उत्तरं देत राहिला.

"गाडीला काय नाय," तो उतरून म्हणाला. त्याचा घसा बसला होता. "तुमच्या कानाला झालं असंल."

"दोघांच्या?" उज्वलाने विचारलं.

मग आता गाडी आलीच आहे तर नीट बघू, म्हणून गोटीरामने केबिनखालून सुरुवात केली. हवेचा फिल्टर काढून आपटला, तर भाताच्या कोंड्याचा ढीग पडला. ब्रेकच्या हवेच्या टाकीचा खटका ओढला, तर हवेबरोबर पाणी फुसफुसत बाहेर आलं. "पहिली सर्व्हिस कवा केली?"

"नव्या गाडीला कसली सर्व्हिस?" रंगनाथ म्हणाला. वाक्य तोंडातून निघून गेल्यावर त्याला ते ऐकू आलं. शिकाऊ ड्रायव्हरांना त्याने असल्याच वाक्यांवरून झापलं होतं.

गोटीरामने लहान हातोडी घेतली आणि चाकांच्या नटांवर एकेक ठोका देत निघाला. टण, टण, टण. उज्वला त्याच्या मागोमाग चालत होती. "हे कशासाठी?"

"आवळलेला नट घंटीसारखा वाजतो, वहिनी. ढिला असला की नाय वाजत."

मागच्या डाव्या चाकाशी टण, टण, आणि मग थप्. पुन्हा थप्. आणि आणखी एक थप्.

तिघंही थांबले. रंगनाथ खाली बसला आणि त्याने तिसरा नट नुसत्या बोटांनी फिरवला. तो फिरला.

"नव्या चाकाचे नट पहिल्या काही दिवसांत बसत्यात आन् ढिले व्हत्यात," गोटीराम म्हणाला. "पुन्यांदा कसायचे असत्यात. पुढं अजून निम्मा घाट हाय, रंगूदादा."

रंगनाथने गॅरेजमधून पाना आणला. मोठा दांडा लावून त्याने सगळे नट स्वतः आवळले, सगळ्या चाकांचे. उज्वला केबिनकडे बघत होती. तिथं आत्या बसली होती, आणि ती स्वतःही तिथंच बसणार होती.

शेवटचा नट आवळून झाला आणि केबिनमधून आवाज आला. "टिं."

इंजिन बंद होतं. रंगनाथने खिसा चाचपला. किल्ली खिशात होती. गोटीरामने कपाळाला आठ्या घातल्या, जाऊन बॅटरीची वायर काढली आणि ती हातात धरून उभा राहिला. आता गाडीत वीज म्हणून नव्हती.

तिघांनी वाट बघितली. सव्वा मिनिट गेलं.

"टिं."

"बॅटरीबिगर वाजतीय," गोटीराम हळू आवाजात म्हणाला, आणि एक पाऊल मागे सरला.

उज्वला मात्र पुढे गेली. पायरीवर चढून तिने केबिनमध्ये डोकं घातलं. कुसाबाई डोळे मिटून बसली होती. ओठ हलत होते, आणि शालीच्या आत काहीतरी एका लयीत हलत होतं. उज्वलाने शाल अलगद बाजूला केली. कुसाबाईच्या बोटात अंगठीसारखं एक छोटं निळं यंत्र होतं आणि अंगठा त्याच्या बटणावर होता.

"आत्याबाई, हे काय?" ती कानाशी ओरडली.

"जप मोजायचं हाय. सार्थकनं दिलंय." सार्थक म्हणजे तिचा नातू. "एकशे आठ झाले की आपोआप एक माळ धरतं. लय सोय हाय."

"माळ झाली की ते वाजतं."

कुसाबाईने हातातल्या यंत्राकडे बघितलं. "वाजतं?"

"टिं असं वाजतं."

"कवापासून?"

"पहिल्यापासूनच वाजत असेल."

कुसाबाईने यंत्र उलटंसुलटं करून बघितलं. "म्हणून कीर्तनात सगळे माझ्याकडं वळून बघत्यात," ती शेवटी म्हणाली. "मला वाटायचं, लुगडं चांगलं हाय."

गोटीराम बॅटरीची वायर लावताना पाठमोरा होऊन हसत होता. रंगनाथ हसला नाही. "उतारावर जास्त का वाजत होतं?" त्याने विचारलं. उज्वलाने प्रश्न आत्याच्या कानापर्यंत पोचवला.

"उताराला मला भ्या वाटतं," कुसाबाई म्हणाली. "मंग मी भराभरा घेते."

खाली चाकाशी काय सापडलं ते उज्वलाने तिला सांगितलं. कुसाबाईने यंत्र बंद केलं, कमरेच्या पिशवीत ठेवलं आणि पिशवीचा बंद ओढला. "म्हंजे माझ्या नामानं गाडी थांबवली," ती म्हणाली.

पुढचा घाट रंगनाथने हलक्या मनाने उतरला. चाकं घट्ट होती, दिवे विझलेले होते, आणि कोडं सुटलं होतं. त्र्यंबकच्या अलीकडे शेवटच्या वळणावर तो शीळ घालणार, एवढ्यात केबिन पुन्हा वाजलं. "टिं टिं टिं."

"आत्या, पुरे की आता," रंगनाथ मोठ्याने म्हणाला. "पिशवीत ठिवलंस ना?"

कुसाबाईला ऐकू गेलं नाही. वळणाच्या भीतीने तिने समोरची दांडी धरली होती, दोन्ही हातांनी.

रंगनाथने आधी तिच्या हातांकडे बघितलं, मग काट्यांकडे. एक नवा पिवळा दिवा लागला होता.

"युरिया संपत आलाय," उज्वला पुस्तक न उघडता म्हणाली. "धूर स्वच्छ करायचं पाणी, निळ्या झाकणाच्या टाकीतलं. अजून बरीच चालेल, पण आजच भरा."

त्र्यंबकच्या पंपावर टाकी भरली आणि गाडी पावणेअकराला अन्नछत्राच्या दारात लागली. सोमाने आधण तीनदा उकळून तीनदा पाणी वाढवलं होतं. तांदळाच्या गोण्या उतरत असताना त्याने विचारलं, "मंग काय वाजत व्हतं, दादा?"

रंगनाथने कुसाबाईकडे बघितलं. ती उज्वलाचा हात धरून देवळाच्या बाजूला निघाली होती. "गाडीच," तो म्हणाला. "लय काम निघालं तिचं."

पंगत पंधरा मिनिटं उशिरा बसली.

परतीला केबिनमध्ये दोघंच होते. मधली जागा मोकळी होती. गाडी रिकामी, रस्ता तोच, आणि आवाज अजिबात नाही. दोन किलोमीटर गेले. पाच गेले. रंगनाथने एकदा काटे बघितले. सगळं विझलेलं होतं. त्याने कान देऊन ऐकलं, आरशात बघितलं, पुन्हा ऐकलं. घाटाच्या पायथ्याशी त्याने गाडी बाजूला घेतली आणि सीटखालची हातोडी काढली.

"काय झालं?" उज्वलाने विचारलं. "वाजली का?"

"नाय ना," रंगनाथ म्हणाला आणि मागच्या डाव्या चाकाकडे निघाला.