वाघोबाची परीक्षा

कारखान्यातल्या सुरक्षा अधिकाऱ्याने घरी तरी स्वस्थ बसावं, पण ते काही या बाबांना जमत नाही. आठ वर्षांची चिमी टॅबवर ऑनलाइन गेम खेळायला लागली, तेव्हा त्यांनी तिला बजावलं, "अनोळखी कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. आधी आम्हाला सांगायचं." दुसरा कुठलाही बाप इथे थांबला असता. पण न सांगता धोक्याचा भोंगा वाजवायचा आणि कामगार पळतात का ते घड्याळ लावून बघायचं, ही यांची सवय. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत 'वाघोबा' नावाने त्याच गेममध्ये खातं उघडलं आणि पोरीला विचारलं, 'तू घरी एकटी कधी असतेस?'

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तर आई चपला घालून तयार. चेहरा पांढराफटक. चिमी तिला बिलगलेली.

"चल पोलीस चौकीत! कुणीतरी आपल्या पोरीच्या मागे लागलाय. शाळेला कळवलं, वर्गातल्या सगळ्या आयांना कळवलं. बघ, काय विचारतोय मेला!"

बाबांनी स्वतःचाच मेसेज वाचला.

"चौकीत लगेच कशाला..."

"कशाला? बाप आहेस की कोण?"

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर त्यांनी दोघींसमोर कबुली दिली. त्यानंतर आई जे बोलली ते इथे न लिहिलेलं बरं. 'तो मेला आमचाच' हे सगळ्या आयांना फोन करून सांगणंही तिच्याच वाट्याला आलं. बाबा मात्र मनातून खूश होते, कारण पोरगी पास झाली होती.

रविवारी ते भांडी घासत असताना चिमी खिदळत आली.

"बाबा, पकडलं! नाव बदललंस तरी ओळखलं मी."

"कसलं नाव?"

"परीराणी! विचारत होतास ना, आई कधी बाहेर जाते? मी सांगितलं, पाच वाजता. घराचा नंबरपण दिला."

पातेलं सिंकमध्ये आपटलं. "चिमे, तो मी नाही!"

"असं तर तू म्हणणारच!"

पाच वाजायला दहा मिनिटं होती. बाबांनी दाराला कडी घातली, खिडक्या लावल्या आणि फोन उचलला, तर साबणाच्या बोटांनी तो उघडेचना. "अगं, बाहेर ये! हिने घराचा नंबर दिलाय कुणालातरी!"

आई आतल्या खोलीतून शांतपणे आली. तिच्या फोनवर परीराणी पंख हलवत होती. बाबा होते तिथेच फरशीवर बसले.

"मला हीच भीती होती," आई म्हणाली. "आता कुणीही विचारलं तरी हिला वाटणार, बाबाच आहे. खोटे भोंगे वाजवलेस की खऱ्याला कोण पळणार?"

बाबांना स्वतःची भयंकर लाज वाटली. चिमीचं हसूही मावळलं होतं.

"मग मी ओळखायचं कसं?" तिने विचारलं.

"ओळखायचंच नाही," बाबा म्हणाले. "आम्ही दोघं गेममध्ये तुला कध्धी काही विचारणार नाही. जो विचारेल तो परकाच."

"मग दोन्ही खाती पुसा. आत्ता. माझ्यासमोर."

दोघांनी मुकाट्याने पुसली. चिमीने एकेक फोन हातात घेऊन नीट तपासला आणि मगच परत दिला.