रंग ओला आहे

एका जंगलात एक तळं होतं आणि तळ्याभोवती चिखल होता. इतका चिखल, की तळं बघायला गेलेला प्राणी स्वतःचे पायच बघत परत यायचा.

म्हणून सिंहमहाराजांनी कोरड्या जमिनीपासून पार पाण्यापर्यंत फळ्यांचा एक ऐसपैस ओटा बांधवून घेतला. महाराज त्याला 'डेक' म्हणाले, म्हणून सगळेच डेक म्हणू लागले. शहाणे प्राणी अशा बाबतीत वाद घालत नाहीत, मुलांनो.

डेक रंगवायचं काम झिपऱ्या अस्वलाकडे आलं. त्यानं ते आनंदानं घेतलं. त्याच्या आईची नजर दिवसेंदिवस अधू होत होती. आधी तिला मोहाची फुलं दिसेनाशी झाली, मग मोहाचं झाडच दिसेना.

"एकदा तळ्यातली कमळं बघायची होती रे," ती म्हणायची. पण चिखल तुडवण्याची ताकद तिच्या गुडघ्यांत नव्हती. डेक झाला की आईला तिथं नेऊन बसवायचं, असं झिपऱ्यानं मनाशी ठरवून टाकलं.

त्यानं आधी फळ्यांवरचं शेवाळ खरवडलं. फळ्या धुतल्या आणि उन्हात वाळू दिल्या.

"अरे, फास की रंग!" माकडं वरून ओरडली. "कसली वाट बघतोस?"

"ओल्या लाकडावर रंग धरत नाही," झिपऱ्या म्हणाला. "पोपडे निघतात."

आईच्या पायात कुसळ जाऊ नये म्हणून त्यानं प्रत्येक फळी पॉलिशपेपरनं घासली. पाण्याचा थेंब टाकून लाकूड तो पितंय ना, हे पाहिलं. मग लाकडाच्या रेषा धरून तेलरंगाचा पातळ हात दिला. पाण्याकडून मागं मागं सरकत तो जमिनीवर आला आणि रंग पुसला जाऊ नये म्हणून त्यानं वळणदार अक्षरांत एक पाटी लावली: 'रंग ओला आहे. हातपाय लावू नये.'

बिचाऱ्यानं सगळं काम चोख केलं होतं. पाटी मात्र लावायला नको होती.

रंग वाळल्यावर तो पाटी काढायला गेला, तर तिथं कोल्हेसाहेब उभे. हे डेकचे देखरेख अधिकारी. शेवाळ काढताना हे कुठं होते, असं विचारू नका. डेक तयार झाल्याशिवाय देखरेख कशाची करणार?

"काय चाललंय?"

"पाटी काढतोय, साहेब. रंग वाळला."

"कशावरून?"

"हात लावून बघा ना."

कोल्हेसाहेबांनी पाटीकडे बोट दाखवलं. "वाचता येतं ना?"

"साहेब, मीच लिहिलीय ती!"

"लिहिली असशील. पण डेक सरकारी, म्हणजे पाटीही सरकारी."

रंग वाळला की नाही हे ठरवायला समिती नेमली गेली. घुबड, कासव आणि गोगलगाय. समितीनं लांबून डेककडे पाहिलं, वास घेतला आणि चहा घेतला. हात लावायची मनाई असल्यामुळे निष्कर्ष निघेना.

शेवटी माकडांनी डेकवर उड्या मारल्या, लोळण घेतली आणि ती कोरडे तळवे दाखवत ओरडली, "वाळलाय, वाळलाय!"

कोल्हेसाहेबांनी त्यांना झाडाला बांधून ठेवलं. साक्ष काही मानली नाही. नियम मोडून मिळवलेली माहिती ती!

मात्र समितीला नवीच काळजी लागली. रंग खरंच वाळला असेल, तर सरकारी पाटी खोटी ठरते. महाराजांची अब्रू जायची! तेव्हा झिपऱ्यानं ताबडतोब आणखी एक हात द्यावा, असं ठरलं.

झिपऱ्यानं दिला. तोही नीट दिला, कारण वाईट काम करायला त्याला जमायचंच नाही. मग दर ऋतूत एक हात देण्याचा रिवाज पडला.

"वाळला का रे?" आई विचारायची.

"वाळतोय, आई."

कमळं फुलली, गळून गेली, पुन्हा फुलली. आईच्या डोळ्यांपुढं आता नुसता अंधार होता.

एका सकाळी आई एकटीच निघाली. पाण्याच्या वासानं चाचपडत डेकपाशी आली.

"आई, पाटी!" झिपऱ्या ओरडत मागं धावला.

"कुठं आहे?" असं म्हणत ती पाटीशेजारून गेली आणि अगदी टोकाला जाऊन पाण्यात पाय सोडून बसली. तिच्या केसांना रंगाचा ठिपकाही लागला नाही. कोल्हेसाहेब तातडीची बैठक बोलवायला धावले.

"काय गुळगुळीत केलंयस रे!" आईनं फळीवरून हात फिरवला. "कमळं आहेत?"

"आहेत. गुलाबी आहेत. तुझ्या पायाशीच एक आहे." झिपऱ्या डेकच्या बाजूला चिखलात उभा राहून सांगत होता.

"मग लांबून काय ओरडतोस? ये, बस माझ्याजवळ."

झिपऱ्यानं आईकडे पाहिलं. मग पाटीकडे पाहिलं.

"नको, आई," तो म्हणाला. "मला वाचता येतं."

तात्पर्य: मुलांनो, मन लावून लिहावाचायला शिका. नाहीतर जन्मभर नुसते कमळांशेजारी बसून राहाल.