ताटलीतली शेवटची वडी

आर्डिसबाई घरात आल्या तेव्हा हातातलं काचेचं भांडं गेलं होतं आणि चेहऱ्यावर काहीतरी करून बसल्याचे भाव होते. मारिट स्वयंपाकघरातल्या टेबलावर तळ्यांचा नकाशा पसरून बसली होती. तिने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. आईचा तो चेहरा तिला पाठ होता.

"कुणाला बोलावलंस?"

"बोलावलं असं नाही." आर्डिसबाईंनी कोट खुंटीला लावला. "लव्होनचं भांडं द्यायला गेले. कॉफी झाली. ती म्हणाली, सप्टेंबरात काय करताय? म्हटलं, तळ्यावर जातोय. आता एवढं सांगून गप्प कशी बसू? म्हटलं, तुम्हीही या."

"आई! ती नाही म्हणाली असेल ना पण?"

"दोनदा म्हणाली."

"आणि तू तिसऱ्यांदा विचारलंस."

"बरं दिसतं का गं दोनदाच विचारणं?"

मिनेसोटाच्या त्या उत्तर टोकाला पहिल्यांदा बोलावणं आलं की नाही म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा जरा हळू आवाजात नाही म्हणायचं असतं. तिसऱ्यांदा आलं तर समोरच्याच्या मनात खरंच आहे असं धरून, त्याच्यावर उपकार केल्यासारखं हो म्हणायचं असतं. ज्याच्या मनात नसेल त्याने दोनवर थांबावं, एवढी साधी सोय आहे. आर्डिसबाईंना दोनवर थांबणं आयुष्यात जमलं नव्हतं.

मारिटचे वडील मे महिन्यात गेले. तेव्हा सगळ्या गावाने जेवण आणून दिलं. बटाटे, खिमा आणि चीज एकत्र भाजलेल्या त्या खोलगट भांड्यांनी फ्रीज भरला, मग गॅरेज भरलं. प्रत्येक भांड्याच्या बुडाला पट्टी चिकटवून त्यावर मालकिणीचं नाव लिहिलेलं. जेवण संपलं, भांडी उरली. उन्हाळाभर आर्डिसबाई ती एकेक करून परत देत होत्या. भांडं दारातून देऊन मागे फिरता येत नाही, आत जाऊन कॉफी घ्यावी लागते. आणि कॉफी घेताना काहीतरी बोलावं लागतं.

मारिटला या सहलीत तीनच माणसं हवी होती. आई, थोरला भाऊ लाइल आणि ती. दर सप्टेंबरात, डास संपले की, वडील 'हरवला बूट' नावाच्या तळ्यावर जाऊन राहायचे. तिथे पाण्याला लागून एक सपाट खडक होता, त्यावर बसायचे. ते गेल्यापासून ही तिघं एकटी अशी एकदाही बसली नव्हती. आधी वकील होता, मग चर्चची मंडळी, मग भांडी. तिला एक संध्याकाळ त्या खडकावर तिघांनी बसायला हवं होतं. बोलायलाच पाहिजे असंही नव्हतं.

"लव्होन आणि गॉर्डी ठीक आहेत," लाइल संध्याकाळी म्हणाला. "होड्या तरी गॉर्डीच्याच घेणार होतो आपण. वनखात्याच्या परवान्यावरही म्होरक्या म्हणून तुझ्या खाली त्याचंच नाव घातलंयस."

"ते तू आयत्या वेळी दुकानातून निघू शकला नाहीस तर म्हणून."

"मग झालं तर. पाच जण. पाच म्हणजे काही गर्दी नाही."

पुढच्या आठवड्यात आर्डिसबाईंनी दोन भांडी परत केली. एक पाद्रीबाई रूथ यांचं. त्यांनी तिसऱ्या बोलावण्याला डोळ्यांत पाणी आणून हो म्हटलं, त्यामुळे काही बोलायची सोय राहिली नाही. दुसरं कोस्केला बंधूंचं. आर्वो आणि रेनो हे दोघे म्हातारे ब्रह्मचारी एका घरात राहत, सगळीकडे बरोबर जात आणि एकमेकांशी कित्येक वर्षांत एक शब्द बोलले नव्हते.

"त्यांना कशाला, आई?" मारिटने टेबलावर डोकं टेकलं.

"आर्वोला विचारलं. तो म्हणाला, मी येतो, रेनोचं मला माहीत नाही. रेनो समोरच बसला होता! मग त्यालाही नको विचारायला?"

"किती झाले?"

"आठ," लाइल म्हणाला. "वनखातं नऊच्या वर एकालाही सोडत नाही. म्हणजे फार तर अजून एक."

तो अजून एक म्हणजे चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी मर्ना. तिला कुणी बोलावलंच नव्हतं. ती नुसती येऊन म्हणाली, "माझं काही नाही हं. तुम्ही सगळे मजा करा. मी घरी आहेच." यावर गावात एकच उत्तर असतं.

मग नऊही जण बेत ठरवायला आर्डिसबाईंच्या बैठकीत जमले. मारिट नकाशावर बोट ठेवून सांगायला लागली. पहिलं तळं ओलांडायचं, मग होड्या डोक्यावर घेऊन रानातून दुसऱ्या तळ्यापर्यंत चालायचं.

"डोक्यावर?" मर्ना म्हणाली. "छान. वेगळंच काहीतरी."

त्या भागात 'वेगळंच' म्हणजे भयंकर.

"माझ्या भावाला सांगा, पुढची होडी मी घेणार," आर्वो मारिटला म्हणाला.

"त्याला सांगा, घे म्हणावं," रेनो मारिटला म्हणाला.

लव्होनने ओव्हनमध्ये भाजलेल्या लिंबाच्या वड्या आणल्या होत्या. बघता बघता ताटलीत एकच उरली. तिच्याकडे सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं. मग गॉर्डीने सुरी घेऊन अर्धी कापली. पाद्रीबाईंनी उरलेल्या अर्धीची अर्धी केली. रेनोने तिची अर्धी. शेवटी चिमणीलाही लाज वाटेल एवढा तुकडा ताटलीत राहिला आणि ताटली तशीच आत गेली. शेवटचा घास उचलणारा माणूस या गावात एकच होता. "कुणाला नको ना? मग माझी," असं म्हणून वडील वडी तोंडात टाकायचे आणि सगळ्या खोलीला हायसं वाटायचं. जागा नाही, हेसुद्धा लोकांना तेच सांगायचे. मारिटने तो तुकडा कचऱ्यात टाकला आणि ताटली नळाखाली धरली.

बेत पक्का झाला. निघायच्या आधी दोन दिवस पोस्टमन व्हर्लने तिला फाटकाशी गाठलं.

"ऐकलं, निघालात सगळे. तुझे बाबा मला म्हणायचे, एकदा नेतो तुला त्या खडकावर." त्याने पाकिटं उगाचच उलटीपालटी केली. "राहून गेलं. असू दे."

मारिट दमली होती. एवढी, की वाद घालण्यापेक्षा देऊन टाकणं सोपं वाटलं. आई आणि लाइल तरी बसतील खडकावर, असं तिने स्वतःला समजावलं.

"एक जागा आहे," ती म्हणाली. "घरात मात्र बोलू नकोस."

निघायच्या दिवशी सकाळी अंगणात गाड्या लागल्या. तीन होड्या टपांवर बांधून झाल्या. वडिलांचा तंबू गॉर्डीच्या गाडीत गेला. व्हर्ल नवीन बूट घालून आला. त्याच्या मागून लाइल ज्या दुकानात काम करायचा त्याचा मालक ड्वेन पाठीला पिशवी लावून आला. आणि मग डुलूथहून वडिलांची चुलत बहीण क्लॅरिस उतरली. तिच्या काखेत गुंडाळलेलं अंथरूण होतं.

मारिटने बोटांवर माणसं मोजली. पुन्हा मोजली.

"बारा आहेत," ती लाइलला हळूच म्हणाली. "ड्वेन कसा काय आला?"

लाइल बुटाच्या नाड्यांकडे बघत म्हणाला, "अगं, ते... माझी पाठ धरलीय. मी त्याला माझी जागा दिली. म्हटलं, तू आणि आई तरी जाल."

"मी नाही जात! माझी जागा मी व्हर्लला दिली!"

दोघांनी एकदम आईकडे पाहिलं. आर्डिसबाई क्लॅरिसच्या हातात मोज्यांचा जादा जोड देत होत्या.

"आई. तू येतेयस ना?"

"हे बघा," आर्डिसबाई म्हणाल्या, "क्लॅरिस डुलूथहून आलीय. एवढ्या लांबून. मी म्हटलं, पोरं जातायत तर..." त्यांनी दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं.

गॉर्डीने मोठ्याने माणसं मोजली. नऊ भरली. परवान्यावर त्याचं नाव होतंच, म्हणजे मारिटवाचूनही जाता येणार होतं.

"तुम्ही नाही तर आम्ही कशाला जायचं?" तो म्हणाला.

"जा," मारिट म्हणाली.

"बरं दिसत नाही."

"जा, गॉर्डी."

"नक्की?"

"नक्की," तिघंही म्हणाली. तीनदा झालं होतं. आता इलाज नव्हता.

मग निरोप सुरू झाला. दारात झाला, गाडीच्या दाराशी झाला, काच खाली करून झाला. "बरं तर मग," असं म्हणत गॉर्डीने, आता उठायचं अशी तिथली खूण असते तशी, मांडीवर थाप मारली, आणि त्यानंतरही बराच वेळ सगळे तिथेच होते. शेवटच्या गाडीतून आर्वोचा आवाज आला. "माझ्या भावाला सांगा, खिडकी लाव." आणि धूळ खाली बसली.

तिघं आत आली. घरात काही आवाज नव्हता. फोन वाजत नव्हता, कारण फोन करणारी सगळी माणसं रानात गेली होती. ओट्याजवळ मारिटने पाहिलं, परत द्यायचं एकही भांडं उरलं नव्हतं.

संध्याकाळी आर्डिसबाईंनी कॉफी ठेवली. कुणी दिवा लावला नाही. लव्होनने सकाळी निघताना मागे ठेवलेल्या लिंबाच्या वड्या मध्ये घेऊन तिघं टेबलाशी बसली. बाहेर अंगणात होड्या ठेवल्या होत्या तिथलं गवत अजून दबलेलं होतं. एकदा आर्डिसबाई म्हणाल्या, "मला तिथे कधी झोप लागली नाही. पाठीखाली मुळं यायची," आणि हसल्या. मग रडल्या. मुलांनी त्यांना रडू दिलं. कुणी मांडीवर थाप मारली नाही.

बऱ्याच वेळाने ताटलीत एकच वडी राहिली. लाइलने तिच्याकडे पाहिलं आणि खिडकीकडे पाहिलं. मारिटने सुरी घ्यायला हात पुढे केला.

"ठेव ती," आर्डिसबाई म्हणाल्या. "कुणाला नको ना? मग माझी."

त्यांनी अख्खी वडी तोंडात टाकली. चावली. थांबल्या. कपाळाला आठी पडली.

"करपलीय," त्या म्हणाल्या. "कोपऱ्याची आहे."

"मग टाकून दे ना, आई."

"नेहमी हीच उरत असणार." त्यांनी हळूहळू पुन्हा चावायला सुरुवात केली. "आणि मला म्हणायचा, आर्डिस, मला हीच आवडते."