झोक्याची तपासणी

चैत्र सरत आला की आमच्या म्हसावदच्या शिवारात एक भरघोस मिशांचे, धोतर खोचलेले आजोबा एकटेच झोका घेताना दिसतात. ते धोंडूनाना. त्यांचा बांध आमच्या बांधाला लागून, त्यामुळे ही शोभा मला रोज बघावी लागते.

"नाना, या वयात?" म्हटलं की उत्तर ठरलेलं.

"तपासणी करी ऱ्हायनू. पोरी येतीन आखाजीले. फांदी तुटनी ते तू जबाबदारी लेशी का?"

आखाजी म्हणजे आमच्याकडे लेकींनी माहेरी येऊन झोक्यावर गाणी म्हणायचा सण. पण झोक्याला झाड लागतं, आणि पपई आल्यापासून बांधावर झाड कोण ठेवतो? सावलीत पपई धरत नाही म्हणून गावाने निंब तोडले. आमचेही गेले. राहिला तो नानांचा एकच, झोक्याचा. पैसा आला, घरांवर मजले चढले. मग ऊन असं मोकाट सुटलं की फळं भाजू नयेत म्हणून आम्ही त्यांना गोणपाट बांधू लागलो. नाना बांधावरून ओरडायचे, "सावली इकत लेतस! वा रे शेतकरी!"

दुपारी मात्र आम्ही सगळे निमूटपणे भाकरी घेऊन त्यांच्याच निंबाखाली जायचो. सातपुड्यातून तोडणीला आलेले मजूरही तिथेच. नाना लग्नातल्या यजमानासारखे प्रत्येकाला जागा दाखवायचे.

गंमत म्हणजे नानांना स्वतःला लेक नाही. एकुलता एक रमेश, आणि त्याच्या डोळ्यात तो निंब खुपायचा. "नाना, या निंबनी सावली आपल्या दोन सऱ्या खाई जास."

"खाऊ दे. घरनीच शे ती."

यंदा आखाजीच्या आदल्या दिवशी रमेशने करवतवाला आणला. नाना झोक्यावर जाऊन बसले ते उठेचनात. करवतवाल्याने बराच वेळ वाट पाहिली आणि शेवटी त्याच सावलीत झोपला. रमेश कपाळाला हात लावून म्हणाला, "सण होऊ द्या. परवा मी कोनं ऐकाव नही."

आखाजीला गावभरच्या लेकी तिथे लोटल्या. एकेक लेक आली की नाना ओरडायचे, "पोर उनी!" दिवसभर गाणी, हसू, ओढाओढ. संध्याकाळी त्या गेल्या, तेव्हा रमेशची बायको सुनीता पाण्याची कळशी घेऊन आली. पपईच्या तोडणीमुळे तिला यंदा खांडबाऱ्याला, माहेरी, जाता आलं नव्हतं. रिकाम्या झोक्याकडे ती बघतच राहिली.

"बठ," नाना म्हणाले.

तिने पदर आणखी पुढे ओढला. सासऱ्यासमोर सून झोका घेते कुठली!

नानांनी सरळ पाठ फिरवली. "मी पपई देखी ऱ्हायनू. मन्हं ध्यान नही." मलाही दंडाला धरून वळवलं.

थोड्या वेळाने मागे दोर कुरकुरला. मग हलक्या आवाजात माहेरचं गाणं सुरू झालं. तोडलेल्या पपया घेऊन सरीतून येणारा रमेश जागीच थबकला. बायकोला गाताना त्याने याआधी कधी ऐकलं होतं की नाही, कुणास ठाऊक. पपया खाली ठेवून त्याने करवतवाल्याला फोन लावला. "येऊ नको, भो. झाड ऱ्हाऊ दे."

मला फार बरं वाटलं. अभिनंदन करावं म्हणून नानांकडे वळलो, तर ते पपईकडेच बघत होते आणि मिशा ओल्या झाल्या होत्या.

"मन्ही बी पोर उनी, भो," ते म्हणाले, "यंदा आखाजीले."