गर्जनसिंह महाराजांची शिंक

मुलांनो, नीट बसा. ज्याला खोकला आलाय त्याने कोपरात तोंड घालून खोकावं. हां, शाबास. आता सांगतो.

एका जंगलात एकदा सिंहाला शिंक आली.

साधीसुधी शिंक नव्हती ती. झाडावरचे पोपट दचकून उडाले आणि गडबडीत भलत्याच ढोलीत जाऊन बसले.

सिंहाचं नाव गर्जनसिंह महाराज. दुसऱ्या दिवशी त्यांचा गर्जनोत्सव होता. महाराज मोठ्या खडकावर उभे राहून डरकाळी फोडणार आणि सगळं जंगल खाली बसून "वा! वा!" करणार. आणि नेमकं आजच महाराजांचं अंग तापलं, डोकं ठणकू लागलं, घसा खवखवू लागला.

अस्वलबाई धावत आल्या. त्या जंगलाच्या डॉक्टर. महाराजांना "आ करा" म्हणायची हिंमत फक्त त्यांच्यात होती.

"फ्लू आहे," बाई म्हणाल्या. "पडून राहा. भरपूर पाणी प्या. बरं वाटेपर्यंत कुणाच्या जवळ जाऊ नका. राणीसाहेबांच्या तर मुळीच नाही. त्यांना दिवस गेलेत. अशा वेळी हा आजार फार छळतो."

"एवढंच?" महाराज हिरमुसले. "काहीतरी जालीम सांगा की!"

"हेच जालीम आहे. गप पडून राहणं अजून कुणाला जमलेलं नाही."

तेवढ्यात प्रधान आले. प्रधान म्हणजे तरस, हसमुखराव. ते कशालाही हसत. त्यामुळे दरबारात त्यांना फार अनुभवी समजत.

"फ्लू? आणि महाराजांना? ही ही ही! अहो बाई, फ्लू सशांना होतो. सिंहाला होते ती अंतर्गर्जना. डरकाळी आत फार साठली, की नाकावाटे उतू जाते."

महाराजांना हे निदान फार आवडलं. आजारी असण्यापेक्षा उतू जाणं केव्हाही बरं.

रेवाराणी म्हणाल्या, "अहो, बाईंचं ऐका. एक वर्ष डरकाळी नाही फोडली तर झाडं काय वाळणार आहेत?"

"तुला राज्यकारभारातलं काही कळत नाही," महाराज म्हणाले, आणि राणीच्या तोंडावरच शिंकले.

उत्सव झाला. महाराज खडकावर चढले. छाती फुगवली. जबडा उघडला. सगळं जंगल श्वास रोखून बसलं.

"आ... आ... आऽऽक् छी!"

हसमुखराव ओरडले, "नव्या पद्धतीची गर्जना! ज्याच्या अंगावर तुषार उडाले तो भाग्यवान!"

मग काय विचारता! जो तो पुढे घुसू लागला. मोराने पिसारा फुलवला, तुषार जास्त झेलता यावेत म्हणून. घरी राहिलेल्या सासूबाईंसाठी खारीने थोडे शेपटीवर नेले. लांबून अस्वलबाई ओरडत होत्या, "अरे, लांब व्हा! त्या थेंबांतूनच तर हा पसरतो!" पण टाळ्यांत त्यांचं कुणाला ऐकू गेलं नाही.

दोन-तीन दिवसांत अख्खं जंगल आडवं झालं.

साळिंदराचा काटा न् काटा दुखत होता. गोमेचे पाय दुखत होते. सगळे. अजगराचं अंग दुखत होतं, आणि त्या बिचाऱ्याकडे अंगाशिवाय दुसरं काही नव्हतंच. हत्ती शिंकायचा तेव्हा नदी थोडी मागे सरकायची. हरणाने मागे काटा लागला होता तेव्हाच्या उरलेल्या गोळ्या खाल्ल्या. त्याला फ्लू होताच, आता पोटही बिघडलं.

मग माकडांनी उपाय शोधला. "उलटं लटका! फ्लू नाकातून खाली गळून पडतो! पुढच्या झाडाला कळवा!" प्रत्येक माकड पुढच्या झाडाला कळवत गेलं. संध्याकाळपर्यंत सगळं जंगल उलटं लटकलेलं. हत्ती लटकला तेव्हा तेवढं एक झाड गेलं.

हसमुखरावही लटकले होते आणि खोकत खोकत हसत होते.

पण गुहेत हसू नव्हतं. रेवाराणींना ताप चढला होता. श्वास भराभर चालला होता. त्या एक वाक्य बोलायच्या आणि धापा टाकायच्या.

महाराजांची आता गाळण उडाली. ते स्वतः अस्वलबाईंच्या दारात गेले. डरकाळीचा घसा पार बसला होता. कसंबसं म्हणाले, "बाई, माझ्यामुळे झालंय. चला."

बाई लगेच निघाल्या. नाकातोंडावर पळसाचं पान बांधून त्या गुहेत शिरल्या. औषध दिलं. राणीला उशाशी पाला रचून उंच निजवलं. घोट घोट पाणी पाजलं. महाराजांना मात्र आत येऊ दिलं नाही.

जंगलाचा राजा स्वतःच्या दाराबाहेर बसून राहिला. आतून धाप ऐकू आली की त्याचे कान खाली पडायचे. कुणी वाकून नमस्कार केला तर तो बघायचासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आतून आवाज आला.

"अहो, काही खायला आहे का?"

महाराज रडलेच.

हळूहळू सगळेच बरे झाले. लटकलेले बरे झाले. न लटकलेलेही बरे झाले. पण त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. म्हणून श्रेय लटकण्याला मिळालं.

महाराजांनी बाईंना विचारलं, "काय बक्षीस देऊ?"

"हा विषाणू दरवर्षी वेष बदलून येतो," बाई म्हणाल्या. "म्हणून दरवर्षी लस घ्यावी लागते. सगळ्यांना टोचू द्या."

दवंडी पिटली. कुणीच आलं नाही. "आमचे वाडवडील कधी टोचून घेत होते?" रानडुक्कर म्हणालं. कासव कवचात शिरलं आणि आतून म्हणालं, "घरी कुणी नाही."

महाराजांनी दरबार भरवला आणि सगळ्यांसमोर आपला दंड पुढे केला. सुई दिसताच त्यांनी डोळे मिटले. "आई गं!" पुढे राणीने टोचून घेतलं. तिने हूं की चूं केलं नाही.

हसमुखरावांना वाटलं, आता आपला मान राखला पाहिजे. ते ताठ उभे राहिले. "ही राजसुई आहे! फक्त दरबारी मंडळींसाठी! सामान्य जनावरांनी गर्दी करू नये!"

मग रानडुक्कर ओरडलं, "का? आम्ही काय घोडं मारलंय?"

"मारलं कुठे? मी इथे धडधाकट उभा आहे!" पाठीमागून घोडा ओरडला.

"आम्हालाही टोचा! टोचलंच पाहिजे!"

गर्दी लोटली. कासव आयुष्यात पहिल्यांदा पळालं. साळिंदराला टोचायला जागा शोधता शोधता बाईंना घाम फुटला. एक उंदीर दुसऱ्यांदा रांगेत घुसताना पकडला गेला. तिन्हीसांजेला लस संपली, तेव्हा हसमुखराव तेवढे टोचायचे राहिले होते. ते रांग आवरत होते.

तात्पर्य : मुलांनो, हिताची गोष्ट चारचौघांना समजावून सांगत बसू नये. घसा बसतो. ती फक्त मोठ्या लोकांसाठी आहे एवढंच सांगावं, आणि बाजूला व्हावं.